बोलक्या हातांचे धर्मगुरू : आबे द लेपे

बाप्तिस्म्याच्या विधीत एक छोटासा, पण अर्थपूर्ण क्षण असतो. धर्मगुरू बालकाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करतात आणि प्रार्थना करतात की, या बालकाने लवकरच प्रभूचे वचन ऐकावे व स्वमुखाने आपली श्रद्धा प्रकट करावी. 'एफ्फाथा' या नावाने ओळखला जाणारा हा विधी मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील त्या बहिऱ्या माणसाची आठवण करून देतो. प्रभू येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, त्याच्या जिभेला स्पर्श केला आणि स्वर्गाकडे पाहिले. ज्याला शब्द ऐकू येत नव्हते, त्याच्याशी प्रभू प्रथम स्पर्शाने आणि खुणेने बोलला, ही गोष्ट शुभवर्तमान वाचताना आपल्या नजरेतून अनेकदा निसटून जाते.

परंतु ज्या बालकाचे कान बाप्तिस्म्यानंतरही उघडत नाहीत, त्याचे काय? त्याच्यापर्यंत प्रभूचे वचन कोणी आणि कसे पोहोचवावे? अठराव्या शतकात पॅरिसमधील एका धर्मगुरूने या एका प्रश्नासाठी आपल्या आयुष्याची उरलेली जवळजवळ तीस वर्षे आणि आपली सारी मिळकत वाहिली. त्यांचे नाव शार्ल-मिशेल द लेपे. फ्रान्समध्ये धर्मगुरूंना आदराने 'आबे' म्हणत, म्हणून ते इतिहासात आबे द लेपे या नावानेच ओळखले जातात. ३ मार्च हा दिवस जागतिक आरोग्य संघटनेने 'जागतिक श्रवण दिन' म्हणून ठरविला आहे. त्यानिमित्ताने या धर्मगुरूंची ओळख आम्ही आमच्या वाचकांना करून देत आहोत.

गुरुदीक्षेच्या वाटेवरील अडथळा

शार्ल-मिशेल यांचा जन्म नोव्हेंबर १७१२ मध्ये पॅरिसजवळील व्हर्साय येथे झाला. त्यांचे वडील राजाच्या इमारतींच्या खात्यात वास्तुविशारद होते. घर सुखवस्तू व धर्मनिष्ठ होते. मुलाला लहानपणापासून धर्मगुरू होण्याची ओढ होती आणि त्याप्रमाणे त्याने पॅरिसमध्ये ईशज्ञानाचा अभ्यासही केला. परंतु गुरुदीक्षेच्या वाटेवर एक मोठा अडथळा उभा राहिला.

त्या काळी फ्रान्सची ख्रिस्तसभा एका कडवट वादाने दुभंगली होती. सतराव्या शतकातील बिशप यान्सेन यांनी देवाची कृपा आणि मानवाचे स्वातंत्र्य यांविषयी जी मते मांडली, त्यांचा पोपपीठाने निषेध केला होता. गुरुदीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्या मतांचा त्याग करणाऱ्या पत्रकावर सही करावी लागे. तरुण शार्ल-मिशेल यांनी ही सही करण्यास नकार दिला. त्या वादात त्यांची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. मात्र या नकाराची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली, हे त्यांचे चरित्र समजून घेण्यासाठी सांगणे आवश्यक आहे.

गुरुदीक्षेचे दार बंद झाल्यावर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि वकिलीची सनदही मिळविली. पण न्यायालयात त्यांचे मन रमले नाही. अखेर त्रुआ धर्मप्रांताचे बिशप बोस्युए यांनी त्यांना आसरा दिला. हे बोस्युए सुप्रसिद्ध प्रवचनकार बिशप बोस्युए यांचे पुतणे. त्यांच्यामुळे १७३८ साली शार्ल-मिशेल यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्रुआ धर्मप्रांतात ते सेवाकार्य करू लागले. परंतु १७४३ साली या बिशपांचे निधन झाले आणि आबे द लेपे पुन्हा निराधार झाले. पॅरिसला परतल्यावर तेथील महाधर्मप्रांतात पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना नाकारण्यात आला. हाती धर्मग्राम नाही, व्यासपीठ नाही, पापनिवेदनाची खुर्ची नाही. वडिलांच्या वारशातून मिळणाऱ्या उत्पन्नावर ते साधेपणाने राहू लागले. त्यांची पन्नाशी जवळ येत होती आणि धर्मगुरू म्हणून आपले आयुष्य वाया गेले, असे वाटावे अशीच ती परिस्थिती होती.

दोन बहिणी

१७६० च्या सुमारास आबे काही कामानिमित्त पॅरिसमधील एका घरी गेले. घरची आई बाहेर गेली होती. दोन मुली खाली मान घालून शिवणकाम करीत बसल्या होत्या. आबेंनी त्यांच्याशी बोलण्याचा प्रयत्न केला, पण उत्तर आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, तरी मुलींनी मान वर केली नाही. आबेंना हे वागणे विचित्र वाटले. तेवढ्यात आई परत आली आणि तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, आपल्या या जुळ्या मुली जन्मापासून बहिऱ्या आहेत. फादर व्हानँ नावाचे एक धर्मगुरू संतांची चित्रे दाखवून त्यांना धर्माची थोडीफार ओळख करून देत होते. परंतु त्यांचे निधन झाले आणि मुलींना शिकविणारे कोणी उरले नाही.

आबे द लेपे यांच्या मनाला एकच विचार बोचू लागला. या मुली देवाला न ओळखता जगणार आणि न ओळखताच मरणार काय? त्यांनी त्या मुलींना शिकविण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. कसे शिकवायचे, हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हते.

आज हा निर्णय साधा वाटेल, पण त्या काळात तो तसा नव्हता. जे ऐकत नाहीत ते बोलत नाहीत, आणि जे बोलत नाहीत ते विचारही करू शकत नाहीत, अशी समजूत विद्वानांमध्येही रूढ होती. रोमन कायद्याच्या परंपरेत जन्मतः बहिऱ्या आणि मुक्या माणसाला मृत्युपत्र करण्याचाही अधिकार नव्हता. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात श्रद्धा ही श्रवणातून निर्माण होते, असे जे म्हटले आहे, त्याचा शब्दशः अर्थ लावून बहिऱ्यांना श्रद्धेचे ज्ञान देता येणार नाही, असे मानणारेही होते. या मुलांच्या घशात वा जिभेत दोष नसतो. भाषा कानावर पडत नाही, म्हणून ती ओठांवर येत नाही. एवढी साधी गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी आली होती. आपण वर्षानुवर्षे वापरलेला 'मूकबधिर' हा शब्द आज मागे पडून 'कर्णबधिर' हा शब्द रूढ झाला, त्यामागेही हेच कारण आहे.

कर्णबधिरांना शिकविण्याचा प्रयत्न आबेंच्या आधी कोणी केलाच नव्हता, असे मात्र नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील बेनेडिक्टाइन संन्यासी पेद्रो पोन्से द लेओन यांनी उमरावांच्या काही बहिऱ्या मुलांना लिहायला व बोलायला शिकविले होते. १६२० साली हुआन पाब्लो बोनेत यांनी या विषयावर स्पॅनिश भाषेत पुस्तक लिहिले होते. पॅरिसमध्येच परेर नावाचे एक निष्णात शिक्षक बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवीत असत. परंतु हे शिक्षण प्रायः श्रीमंतांच्या मुलांना, एकेकट्याने आणि मोठ्या मोबदल्यात मिळे. परेर यांनी तर आपली पद्धती गुपितच ठेवली होती. पॅरिसच्या गल्ल्यांत भीक मागणारा बहिरा मुलगा या सर्वांच्या बाहेर होता.

सर्वांसाठी उघडे दार

आबेंनी मूलँ रस्त्यावरील आपल्या राहत्या घरातच वर्ग सुरू केला. दोन बहिणींच्या पाठोपाठ इतर मुले आली. पुढे विद्यार्थ्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. गरीब असो वा श्रीमंत, कोणाकडूनही ते शुल्क घेत नसत. कर्णबधिरांसाठी सर्वांना खुली असलेली, विनामूल्य चालणारी जगातील पहिली शाळा म्हणून या घराचा उल्लेख केला जातो.

त्यांची पद्धत एका निरीक्षणावर उभी होती. आपले विद्यार्थी आपसांत हातांनी बोलतात, हे त्यांनी पाहिले. आपली भाषा त्यांच्यावर लादण्याआधी आपण त्यांची भाषा शिकली पाहिजे, असे त्यांनी ठरविले आणि पन्नाशीला आलेला हा धर्मगुरू आपल्याच विद्यार्थ्यांचा विद्यार्थी झाला. मुलांच्या नैसर्गिक खुणा त्यांनी आत्मसात केल्या आणि त्यांच्या आधारे लिखित फ्रेंच भाषा शिकविण्यास सुरुवात केली. एके दिवशी कोणीतरी बोनेत यांचे स्पॅनिश पुस्तक त्यांच्याकडे आणून दिले. ते वाचता यावे म्हणून आबे स्पॅनिश भाषा शिकले. त्या पुस्तकातील बोटांनी दाखविण्याची मुळाक्षरे त्यांनी आपल्या वर्गात आणली.

दार, खिडकी, भाकर अशा दिसणाऱ्या वस्तूंचे शब्द शिकविणे कठीण नव्हते. वस्तूकडे बोट दाखवावे, कागदावर तिचे नाव लिहावे, बोटांनी अक्षरे दाखवावीत. भूतकाळ दाखविण्यासाठी हात खांद्यावरून मागे नेला जाई. पण जे दिसत नाही ते कसे शिकवावे? येथे फादर व्हानँ यांची चित्रे अपुरी पडली होती, कारण चित्र केवळ बाह्य रूप दाखविते, त्यातील अर्थ दाखवीत नाही. आबेंनी अवघड शब्दांची फोड करण्याची रीत काढली. 'मी श्रद्धा ठेवतो' हे त्यांनी कसे शिकविले, ते आमच्या धर्मशिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावे. मी बुद्धीने होय म्हणतो, मी हृदयाने होय म्हणतो, मी मुखाने होय म्हणतो, पण मी डोळ्यांनी पाहत नाही. या चार गोष्टी चार खुणांनी दाखवून मग श्रद्धेची एक खूण केली जाई. ज्यांना श्रद्धेचे शिक्षण देणेच अशक्य मानले गेले, त्या मुलांना श्रद्धेची व्याख्या आपल्यापैकी अनेकांपेक्षा स्पष्ट समजली होती.

१७७१ पासून आबेंनी आपले वर्ग लोकांसाठी खुले केले. विद्यार्थी फळ्यापुढे उभे राहत आणि श्रद्धेविषयीच्या प्रश्नांची उत्तरे फ्रेंचमध्येच नव्हे, तर लॅटिन, इटालियन अशा इतर भाषांतही लिहून देत. हे पाहण्यासाठी विद्वान, उमराव आणि परदेशी पाहुणे गर्दी करीत. १७७७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ स्वतः या वर्गात येऊन गेला. त्याने आपल्या देशातील एका धर्मगुरूला प्रशिक्षणासाठी आबेंकडे पाठविले आणि १७७९ साली व्हिएन्ना येथे कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. बोर्दोचे आर्चबिशप शाँपिओं द सिसे यांनीही सिकार नावाच्या तरुण धर्मगुरूला त्यांच्याकडे शिकण्यासाठी धाडले व आपल्या धर्मप्रांतात शाळा उघडली. रशियाच्या सम्राज्ञीच्या राजदूताने देऊ केलेली भेट आबेंनी नाकारली आणि त्याऐवजी आपल्याकडे शिकण्यासाठी एखादे बहिरे मूल पाठवावे अशी विनंती केली, असेही सांगितले जाते.

आबेंनी आपली पद्धत १७७६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि १७८४ साली तिची सुधारित आवृत्ती काढली. ज्याला शिकायचे असेल त्याने यावे, पाहावे आणि आपल्या गावी जाऊन शाळा काढावी, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या मते त्यांच्या कार्याचे खरे मोठेपण येथेच आहे. एका मुलावर केलेला उपकार त्या एका मुलापुरताच राहतो. विद्या खुली केली, शिक्षक तयार केले आणि दार सर्वांसाठी उघडे ठेवले, तर तोच उपकार समाजाची जबाबदारी बनतो आणि मुलाचा हक्क बनतो.

चुका आणि मर्यादा

संतचरित्रे लिहिताना चुका झाकण्याचा मोह होतो. आबे द लेपे यांना ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केलेले नाही आणि त्यांच्या चुका झाकण्याचे आम्हांलाही कारण नाही.

फ्रेंच व्याकरणातील प्रत्येक बारकाव्यासाठी त्यांनी स्वतःच्या कल्पनेने खुणा रचल्या होत्या. त्यामुळे भाषा अवजड झाली. पुष्कळदा विद्यार्थी खुणांवरून अचूक वाक्य लिहीत, पण त्याचा अर्थ त्यांना उमगलेला नसे. पुढील पिढ्यांतील शिक्षकांनी या कृत्रिम खुणा सोडून दिल्या. १७७९ साली पिएर देलोज नावाच्या बहिऱ्या बुकबाइंडरने एक पुस्तक लिहून आबेंच्या कार्याचे समर्थन केले. पण पॅरिसमधील बहिऱ्यांची स्वतःची भाषा आबेंच्या शाळेआधीपासूनच होती, हेही त्याने त्यात दाखवून दिले. आबेंनी सांकेतिक भाषा निर्माण केली, असे जे आजही म्हटले जाते, ते म्हणूनच बरोबर नाही. त्यांनी ती भाषा ओळखली, तिला मान दिला आणि तिला शाळेत आणले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. १७७३ साली पेरोन गावाजवळ एक बहिरा मुलगा बेवारस स्थितीत सापडला. पुढे तो आबेंकडे आला. त्याच्या खुणांवरून आबेंची खात्री पटली की, हा सोलार नावाच्या सरदार घराण्याचा वारस असून संपत्तीसाठी त्याला टाकून देण्यात आले आहे. त्यांनी त्याच्यासाठी न्यायालयात धाव घेतली. या प्रकरणात एका तरुणावर अपहरणाचा आळ आला व त्याला तुरुंगवास भोगावा लागला. १७८१ साली निकाल मुलाच्या बाजूने लागला, पण आबेंच्या मृत्यूनंतर १७९२ साली तो फिरविण्यात आला. तो मुलगा सोलार घराण्यातील नव्हता, असे ठरले आणि ज्याच्यावर आळ आला होता तो निर्दोष ठरला. दुर्बलाविषयीच्या कळवळ्यानेही न्यायबुद्धी झाकोळू शकते, याचा हा धडा आहे.

अखेरचा हिवाळा

१७८८ चा हिवाळा फ्रान्समध्ये अतिशय कडक होता. वृद्ध आबे आपल्या खोलीत शेकोटीविना राहत होते, कारण लाकडांचा खर्च वाचला की तो मुलांसाठी वापरता येई. विद्यार्थ्यांच्या हे लक्षात आले. ते रडत त्यांच्याभोवती जमले आणि शेकोटी पेटविण्यासाठी त्यांनी हट्ट धरला. आबेंना त्यांचे ऐकावे लागले. मात्र मुलांच्या वाट्याचे पैसे आपण स्वतःवर खर्च केले, याची खंत ते पुढे बोलून दाखवीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

२३ डिसेंबर १७८९ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, त्यांनी देह ठेवला. फ्रेंच राज्यक्रांतीचे ते पहिले वर्ष होते. त्यांच्या मृत्युशय्येपाशी राष्ट्रीय सभेचे प्रतिनिधी आले आणि त्यांच्या मुलांचा सांभाळ देश करील, असे आश्वासन त्यांना देण्यात आले. पॅरिसच्या संत रॉक चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. जुलै १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने कायदा करून त्यांच्या शाळेला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा दिला. एका घरात दोन मुलींसह सुरू झालेले काम राष्ट्राच्या जबाबदारीचे झाले. पुढे सँ-जाक रस्त्यावर स्थलांतरित झालेली ती संस्था आजही कर्णबधिर मुलांना शिकवीत आहे.

उजेड, अंधार आणि पुन्हा उजेड

आबेंच्या पश्चात त्यांचे काम फ्रान्सच्या सीमा ओलांडून गेले. पॅरिसच्या संस्थेत शिकलेले कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर १८१६ साली थॉमस गॅलॉडेट यांच्यासह अमेरिकेस गेले. १८१७ साली हार्टफर्ड येथे त्यांनी शाळा सुरू केली. आजच्या अमेरिकन सांकेतिक भाषेत फ्रेंच खुणांचा मोठा वाटा आहे, तो यामुळेच.

परंतु १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून खुणांचे शिक्षण बंद करून केवळ बोलण्याचे शिक्षण द्यावे, असा ठराव केला. ज्यांच्याविषयी निर्णय होत होता, ते कर्णबधिर त्या सभागृहात जवळजवळ नव्हतेच. परिषदेचे अध्यक्षस्थान एका धर्मगुरूकडेच होते, हे आम्ही खेदाने नमूद करतो. त्यानंतर अनेक दशके असंख्य मुलांना आपले हात पाठीमागे धरून बसावे लागले. २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेत त्या ठरावाबद्दल औपचारिकपणे खेद व्यक्त करण्यात आला.

आपल्या मुंबईशीही या कार्याचे नाते आहे. मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक, येशूसंघीय बिशप लिओ म्यूरिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू केली. भारतातील अशा प्रकारची ती पहिली शाळा मानली जाते. आपल्या पूर्वजांच्या काळात, आपल्याच किनाऱ्यावर एका बिशपांनी हे बीज पेरले, याचा विसर आपल्याला पडू नये. या बीजाला पुढे आणखी फळे आली. इटलीमध्ये कर्णबधिरांसाठी जीवन वाहिलेले धर्मगुरू फिलिप्पो स्माल्दोने यांना पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००६ साली संत म्हणून घोषित केले. २०२४ साली केरळमधील त्रिशूर येथे एका कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा मिळाली आणि भारतातील पहिले कर्णबधिर धर्मगुरू म्हणून त्यांची नोंद झाली. आबेंच्या काळी ज्यांना श्रद्धा शिकविणे अशक्य मानत, त्यांच्यापैकीच एक जण आज वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करीत आहे.

आपल्या काळाचे कर्तव्य

आबे द लेपे यांना बहिरेपण टाळण्याचा वा त्यावर उपचार करण्याचा कोणताही मार्ग ठाऊक नव्हता. त्या काळच्या वैद्यकशास्त्राकडे तो नव्हताच. आपल्याकडे तो आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे. बालकांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतो. गरोदरपणी आईला होणारा रुबेला, बालपणीचे गोवर, गालगुंड आणि मेंदूज्वर, वाहणारा कान, जन्माच्या वेळच्या अडचणी आणि कानांना अपाय करणारी काही औषधे ही त्यांपैकी प्रमुख कारणे होत.

भारत सरकारने २००७ साली बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रथम काही जिल्ह्यांत सुरू केला आणि नंतर त्याचा विस्तार केला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. २०१७ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम झाली व ती लस नियमित लसीकरणाचा भाग झाली. हे कार्यक्रम म्हणजे आबेंच्या त्या उघड्या दाराचेच आजचे रूप आहे. पण दार उघडे असूनही कोणी आत गेले नाही, तर त्याचा काय उपयोग?

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची विनंती आहे की, नवजात बालकाची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी. बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत, वेदनेशिवाय ती होते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात, हा तज्ज्ञांचा दंडक आहे. भाषा शिकण्याची पहिली वर्षे एकदा निसटली की ती परत मिळत नाहीत. मूल उशिरा बोलेल, घरात सगळेच उशिरा बोलले, असे म्हणून वाट पाहत बसू नये. कान वाहत असेल तर त्यात गरम तेल घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. आजी-आजोबांना ऐकू येईनासे झाले की त्यांच्याशी बोलणेच सोडून देण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. तीही बदलावी. श्रवणयंत्र लावण्यात कमीपणा कसला? चष्मा लावण्यात जसा नाही, तसाच येथेही नाही.

आपल्या सण-समारंभांकडेही पाहावे लागेल. आठवड्याला ४० तासांहून अधिक काळ ८० डेसिबलपेक्षा मोठा आवाज कानांना घातक ठरू शकतो आणि आवाज जसजसा वाढतो तसतसा हा सुरक्षित काळ झपाट्याने कमी होतो. लग्नाच्या मांडवात कर्णे लावून नाचणारा तरुण आणि कानांत यंत्र खुपसून रात्रभर गाणी ऐकणारी मुलगी आपल्या कानांचे नुकसान करून घेत आहेत. कानाच्या आत ज्या सूक्ष्म पेशी नष्ट होतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. देवाने दिलेल्या दानाची राखण हाही आपल्या धर्माचाच भाग आहे.

आणि ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचे काय? ते आपल्या चर्चमध्ये येतात, मागच्या बाकावर बसतात, इतर उभे राहिले की उभे राहतात आणि इतरांनी गुडघे टेकले की गुडघे टेकतात. प्रवचनातील एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आम्ही धर्मगुरू वर्षानुवर्षे ध्वनिक्षेपकावर बोलत आलो आणि आपले बोलणे सर्वांपर्यंत पोहोचले, असे मानत आलो. भारतीय सांकेतिक भाषेतून मिस्सेचा अनुवाद करणारी एखादी व्यक्ती, पडद्यावर लिहून दाखविलेली वाचने, पापनिवेदनाच्या वेळी कागद व पेन आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या मुलासाठी थोडा अधिक वेळ, एवढे तरी आपण निश्चित करू शकतो. धर्मग्रामातील दोन-चार तरुण-तरुणींनी सांकेतिक भाषा शिकण्याचे मनावर घेतले, तर या कामाला आजच सुरुवात होऊ शकते.

आबे द लेपे यांना व्यासपीठ नाकारले गेले, पापनिवेदनाची खुर्ची नाकारली गेली. ज्यांच्यासाठी व्यासपीठाचा उपयोगच नव्हता, अशा लेकरांकडे परमेश्वराने त्यांना नेले. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या बोटांनी आपण बालकाच्या कानांना स्पर्श करतो, तीच बोटे त्या बालकाची भाषा शिकण्यासाठीही दिलेली आहेत, हे त्यांनी आपल्या जीवनाने दाखवून दिले. येत्या रविवारी मागच्या बाकावरील त्या बंधू-भगिनींकडे आपली नजर वळो आणि त्यांच्याआधी आपले कान उघडोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.